मृत्युपत्रातला गावाचा वाटा

मृत्युपत्र म्हणजे आपल्या पश्चात आपल्या मालमत्तेचे काय व्हावे याविषयी माणसाने जिवंतपणी, शुद्धीवर असताना आणि स्वखुशीने केलेली कायदेशीर इच्छाघोषणा. आणि त्या घोषणेत पत्नी, पती, मुले, भावंडे यांच्या पंक्तीला गावची शाळा, वाचनालय, दवाखाना किंवा गावाची कोणतीही सार्वजनिक गरज येऊन बसते तेव्हा त्या वाट्याला मृत्युपत्रीय दान म्हणता येते. बक्षीसपत्राने दिलेली जमीन किंवा घर दस्त पुरा होताच दात्याच्या हातून जाते, मृत्युपत्राने दिलेले मात्र अखेरच्या श्वासापर्यंत त्याचेच राहते. ते त्याला विकता येते, गहाण टाकता येते, मन बदलल्यास मृत्युपत्र रद्द करून नवे करता येते. म्हणूनच ज्यांना म्हातारपणाच्या औषधपाण्याची धास्ती असते, आणि ती धास्ती असणे मुळीच गैर नाही, अशा मध्यम ऐपतीच्या माणसांनाही हे दान जमण्यासारखे आहे. असे असूनही मृत्युपत्रातून गावाला काही दिले जाणे ही आपल्याकडे अपवादाचीच बाब राहिली आहे, आणि त्याचे कारण दानत कमी पडते हे नसून दानाचा कागद नीट होत नाही आणि तो कागद अमलात आणणारा माणूस ठरवलेला नसतो हे आहे, असे प्रस्तुत विवेचनाचे मुख्य प्रतिपादन आहे.

या प्रतिपादनासाठी धरणगाव हे गाव समोर ठेवण्यात आले आहे. जळगाव जिल्ह्यातील हे तालुक्याचे ठिकाण सुरत-जळगाव रेल्वेमार्गावर वसलेले, कापूस आणि तेलबियांच्या व्यापारावर वाढलेले असून १८२५ साली जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने खानदेशातील भिल्ल पलटण येथेच उभी केली, आणि १३ ऑगस्ट १८९० रोजी त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी, यांचा जन्मही येथलाच. अशा गावात देण्याची सवय अंगवळणी पडलेली असते. भंडाऱ्याच्या वरण-बट्टीला लागणाऱ्या गव्हा-डाळीपासून रथ-वहनाच्या वर्गणीपर्यंत, उन्हाळ्यातील पाणपोईपासून शाळेच्या खोलीवरील संगमरवरी पाटीपर्यंत दान दिसते, मोजले जाते, आणि पावतीपुस्तकावर नोंदवले जाते. परंतु हे सारे हयातीतले आणि प्रसंगापुरते दान आहे. उत्सव संपला की ते खर्ची पडते. मागे राहून वर्षानुवर्षे उत्पन्न देत राहणारी आणि दात्याच्या पश्चातही कोणी तरी जबाबदारीने सांभाळावी अशी देणगी ही वेगळी वस्तू आहे आणि तिची व्यवस्थाही वेगळी लागते.

ही कल्पना परदेशातून आलेली आहे असा समज असल्यास तो दूर केला पाहिजे. धर्मशास्त्राने इष्ट आणि पूर्त असे पुण्यकर्माचे दोन भाग केले, त्यांपैकी इष्ट म्हणजे यज्ञयाग आणि पूर्त म्हणजे विहिरी, तळी, बागा, देवालये, अन्नदान अशी लोकांच्या उपयोगाची कामे. मृत्युपत्र या स्वरूपाचा दस्तऐवज शास्त्रकारांना ठाऊक नव्हता हे खरे. तथापि कात्यायनाच्या स्मृतीत असा नियम आढळतो की निरोगी अथवा आजारी माणसाने धर्मकार्यासाठी काही देण्याचे जाहीर केले आणि ते देण्यापूर्वीच तो मरण पावला, तर ते त्याच्या पुत्राकडून देववावे. मृताचा शब्द वारसावर बंधनकारक ठरवणारा हा नियम म्हणजे मृत्युपत्रीय दानाचे बीजच होय, फक्त त्याला लेखी रूप नव्हते.

लेखी रूपाचाही एक जुना आणि उत्तम नमुना खुद्द खानदेशातच सापडतो. चाळीसगावजवळील पाटण येथे शके ११२८ मधील, म्हणजे इ. स. १२०७ चा, शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू आणि यादव राजा सिंघण याच्या दरबारातील ज्योतिषी चांगदेव याने आपल्या आजोबांच्या ग्रंथांचे, त्यांतही सिद्धान्तशिरोमणीचे, अध्ययन चालावे म्हणून तेथे मठ स्थापन केला आणि निकुंभ घराण्यातील सोईदेव व त्याच्यामागून हेमाडिदेव यांनी त्या मठाला दाने दिली, ही हकीकत त्यात आहे. शिलालेखाचा बहुतांश भाग संस्कृतात असला तरी दानाचा प्रत्यक्ष तपशील जुन्या मराठीत उतरतो. व्यापारावरील जकातीतून काय द्यायचे, दलालांनी काय द्यायचे, चालू असलेल्या प्रत्येक घाण्यामागे किती तेल द्यायचे हे त्यात नेमके सांगितले आहे. प्रशस्ती पंडितांसाठी आणि व्यवहार लोकांसाठी अशी ही वाटणी मोठी सूचक आहे, कारण ज्या तेल्याला दर घाण्यामागे पळीभर तेल घालायचे होते त्याला आपल्यावरील बंधन त्याच्याच भाषेत कळणे आवश्यक होते. दानाचा हेतू, त्याचा लाभार्थी, उत्पन्नाचा उगम आणि देणाऱ्यावरील जबाबदारी या चारही गोष्टी त्या दगडावर आहेत. आजच्या अनेक मृत्युपत्रांत यांपैकी दोन सापडल्या तरी वाचणाऱ्या वकिलाला हायसे वाटते.

इंग्रजी अमलात हिंदूंच्या मृत्युपत्रांना न्यायालयांनी हळूहळू मान्यता दिली आणि १८७० च्या हिंदू विल्स अॅक्टने मुंबई, मद्रास ही शहरे व बंगालचा मुलूख येथील मृत्युपत्रांना लेखी स्वरूप आणि साक्षीदार यांची अट घातली. परंतु खानदेशासारख्या मुलखात हिंदूचे तोंडी मृत्युपत्रही त्यानंतर अनेक वर्षे ग्राह्य धरले जात असे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ याच्या कलम ५७ मधील तरतुदीने ही स्थिती पालटली आणि १ जानेवारी १९२७ पासून देशात कोठेही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन व्यक्तीने केलेले मृत्युपत्र लेखी, सही केलेले आणि साक्षांकित असणे आवश्यक झाले. योगायोग असा की या तारखेच्या आदल्याच दिवशी, ३१ डिसेंबर १९२६ रोजी, इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे धुळ्यात निवर्तले. पत्नी तरुणपणीच वारलेली, मागे मूलबाळ नाही, आणि जमवलेली संपत्ती म्हणजे गावोगाव पायपीट करून गोळा केलेली जुनी दप्तरे, हस्तलिखिते व टिपणे अशी त्यांची स्थिती होती. धुळ्याच्या नागरिकांनी पुढच्याच वर्षी, १९२७ मध्ये, राजवाडे संशोधन मंडळ स्थापन करून हा संग्रह सांभाळला आणि भा. वा. भट यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्यावर काम पुढे चालवले.

या उदाहरणाकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे, कारण ते मृत्युपत्रीय दानाच्या नेहमीच्या कल्पनेला उलटे करते. दान म्हटले की रोकड, जमीन किंवा इमारत डोळ्यांसमोर येते. येथे बाजारात ज्याला फारसे मोल नव्हते असा कागदांचा ढीग होता, परंतु तो सांभाळण्यास तयार असलेली माणसे होती, आणि ती अकस्मात उगवलेली नव्हती. शंकर श्रीकृष्ण देव यांनी धुळ्यात १८९३ साली सत्कार्योत्तेजक सभा स्थापन केली होती, समर्थ संप्रदायाच्या हस्तलिखितांचा शोध आणि जतन हे काम तेथे मुरलेले होते, आणि त्यामुळे कागदाची किंमत जाणणारा एक समाज त्या गावात आधीच तयार होता. घेणारा लायक असेल तर देणाऱ्याच्या कागदातील उणीवही भरून निघते, घेणाराच नसेल तर निर्दोष मृत्युपत्रही कपाटात पडून राहते. गावाला काही देऊ इच्छिणाऱ्याने पहिला प्रश्न किती द्यावे हा न विचारता कोणाच्या हाती द्यावे हा विचारला पाहिजे, तो यासाठी.

दुसरा प्रश्न शब्दांचा. ‘माझी उरलेली मालमत्ता धर्मासाठी खर्च करावी’ असे वाक्य भाविक मनाला पुरेसे वाटते, परंतु मुंबईच्या एका मृत्युपत्राचे प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले तेव्हा, १८९९ साली, रणछोडदास विरुद्ध पार्वतीबाई या निकालात असे ठरले की ‘धरम’ या शब्दाचा आवाका इतका अनिश्चित आहे की न्यायालयाला त्यावर देखरेख करता येणार नाही, सबब हे दान रद्दबातल होय. ज्या शब्दावर शेकडो वर्षे विहिरी खोदल्या गेल्या आणि सदावर्ते चालली तो शब्द इंग्रज न्यायमूर्तींना पोकळ वाटला, याबद्दल आपल्याकडील कायदेपंडितांत नाराजी होती आणि ती रास्तही होती. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० या कायद्याने, जो आता महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम म्हणून ओळखला जातो, कलम १० मध्ये अशी तरतूद केली की ज्यांच्यासाठी किंवा ज्या हेतूसाठी विश्वस्त व्यवस्था केली ते अनिश्चित आहेत एवढ्याच कारणाने ती रद्द होणार नाही. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था, म्हणजे लोकभाषेत ट्रस्ट, ही एखाद्या व्यक्तीच्या मालकीची नसून लोकांच्या किंवा त्यांतील एखाद्या वर्गाच्या हितासाठी विश्वस्तांनी सांभाळायची मालमत्ता असते. आणि त्याच कायद्याचे कलम ९ गरिबी व संकट निवारण, शिक्षण, वैद्यकीय मदत, समाजहिताच्या दृष्टीने मनोरंजन व फावल्या वेळाच्या सोयी, आणि सर्वसामान्य लोकोपयोगाचे अन्य कोणतेही उद्दिष्ट यांना धर्मादाय हेतू मानते.

कायद्याने सवलत दिली म्हणून दात्याने मोघम लिहावे असे नव्हे. खानदेशात तर आणखी एक शब्द विशेष जपून वापरावा लागतो, आणि तो म्हणजे ‘समाज’. पुस्तकी मराठीत या शब्दाने सर्व लोकांचा बोध होतो, परंतु मंगल कार्यालयाच्या पाटीवर किंवा वधू-वर मेळाव्याच्या पत्रिकेवर समाज म्हणजे जात असाच अर्थ घेतला जातो. त्यामुळे ‘समाजाच्या मुलांसाठी वसतिगृह’ या शब्दांनी दात्याला सारे गाव अभिप्रेत होते की स्वतःची ज्ञाती, हा वाद त्याच्या पश्चात हमखास उभा राहतो. ज्ञातीपुरते दान बेकायदेशीर नाही, आणि एके काळी बोर्डिंगांनी खेड्यापाड्यांतील मुलांना शहरात टेकायला जागा दिली हे उपकार विसरता येणार नाहीत. मात्र आयकर कायद्यातील ८०-जी या नावाने परिचित असलेल्या सवलतीसाठी संस्था एखाद्या विशिष्ट धर्माच्या किंवा जातीच्या लाभासाठी नसावी अशी अट आहे, अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, स्त्रिया व मुले यांच्यासाठीच्या संस्था तिला अपवाद आहेत. जेथे निवड करणे हाती आहे तेथे दार सर्वांना उघडे ठेवावे, असे प्रस्तुत लेखनाचे स्पष्ट मत आहे.

काय देता येते, याचे उत्तर साध्या वाक्यात असे की जे आपले आहे तेवढेच. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ याचे कलम ३० एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतील स्वतःचा हिस्सा मृत्युपत्राने देण्याची मुभा देते, परंतु २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीही मुलांप्रमाणेच जन्मतः सहहिस्सेदार असल्यामुळे वडिलोपार्जित मालमत्तेत कर्त्या पुरुषाचा स्वतःचा हिस्सा तो समजतो त्याहून लहान निघू शकतो. मुस्लिम कायद्यात वारसांची संमती नसेल तर मृत्युपत्राने, म्हणजे वसीयतीने, निव्वळ मालमत्तेच्या एक तृतीयांशापलीकडे देता येत नाही. उरलेले दोन तृतीयांश वारसांचे. ख्रिस्ती व्यक्तींवर उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ११८ चे मोठे बंधन होते, ते असे की पुतण्या-भाच्याइतका किंवा त्याहून जवळचा नातलग असल्यास धर्मादाय दानाचे मृत्युपत्र मृत्यूपूर्वी किमान बारा महिने आधी केलेले आणि सहा महिन्यांच्या आत विहित ठिकाणी जमा केलेले असावे. सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली जॉन वल्लमट्टम प्रकरणात हे कलम घटनाबाह्य ठरवले.

शेतजमिनीचा प्रश्न खानदेशात सर्वांत कळीचा आहे, कारण कपाशीचे वावर हीच अनेकांची एकमेव संपत्ती असते आणि ‘ही पाच एकर शाळेला’ असे म्हणण्याची ओढ त्यामुळेच स्वाभाविक असते. परंतु १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्याच्या नावे शेतजमीन हस्तांतरित करण्यावर निर्बंध आहेत. त्याच मूळ मुंबई कायद्याच्या गुजरातेत लागू असलेल्या रूपाचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली विनोदचंद्र कपाडिया प्रकरणात असे ठरवले की शेतकरी नसलेल्याला मृत्युपत्राने जमीन देणे हेही त्या बंदीत मोडते. मग शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या नावे सातबारा होणार कसा? यावर सुज्ञ तोडगा असा की जमीन थेट संस्थेला न देता मृत्युपत्राच्या अंमलबजावणीदाराने ती पात्र शेतकऱ्याला विकून आलेली रक्कम ठरलेल्या कामासाठी संस्थेकडे द्यावी, असे स्पष्ट लिहावे. कुळाला मिळालेली, वतनाची किंवा आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर विक्रीवरही निरनिराळी बंधने असतात, त्यामुळे सातबाऱ्यावरील भूधारणेचा वर्ग आणि ‘इतर हक्क’ हा रकाना आधी वाचावा.

जमिनीपलीकडेही खानदेशी संपत्ती आहे. अमळनेरला १९४५ साली सुरू झालेल्या वनस्पती तुपाच्या कारखान्यातून पुढे विप्रो ही कंपनी वाढली आणि तिचे शेअर जपून ठेवणारी घरे त्या गावात अजून आहेत, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. शेअर, बँकेतील मुदत ठेवी, विम्याची रक्कम यांबाबत एक गैरसमज मात्र पक्का रुजलेला आहे, तो असा की नॉमिनी म्हणून ज्याचे नाव दिले तोच मालक. नॉमिनी, म्हणजे नामनिर्देशित व्यक्ती, ही रक्कम स्वीकारणारी असते, मालकी मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसाहक्काप्रमाणे ठरते. शेअरबाबत २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे; विम्याबाबतही १९८४ साली त्याने असेच ठरवले होते, परंतु विमा कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असल्यास विम्याची रक्कम सामान्यतः त्यांच्याच मालकीची ठरते. ठेवीवर मुलाचे नामनिर्देशन आणि मृत्युपत्रात तीच ठेव वाचनालयाला असे झाले, तर कायदा वाचनालयाच्या बाजूने असूनही भांडण मात्र घरात होते. म्हणून दोन्ही कागद एकमेकांशी जुळते असावेत. लेखनाचे हक्कही मृत्युपत्राने देता येतात आणि ते लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतात. बालकवी १९१८ साली वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी भादली स्थानकाजवळ अपघाताने गेले. त्यांच्या कवितेवर आता कोणाचाच हक्क उरलेला नाही, ती साऱ्या मराठी मुलखाची आहे. परंतु आजच्या लेखकाची, छायाचित्रकाराची किंवा अहिराणी गाणी ध्वनिमुद्रित करून ठेवणाऱ्या हौशी संग्राहकाची ठेव योग्य हाती गेली नाही, तर ती रद्दीत जाण्याचीच शक्यता अधिक.

कागदाचा विधी तुलनेने सोपा आहे आणि त्याच्याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही, साध्या कागदावरही ते करता येते. करणाऱ्याने सही किंवा अंगठा करावा आणि किमान दोन साक्षीदारांनी ती सही होताना पाहून, किंवा ती आपलीच आहे असे त्याने सांगितल्यावर, त्याच्या समक्ष आपल्या सह्या कराव्यात. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी ऐच्छिक आहे, पण हितावह आहे. नोंदणी अधिनियमानुसार बंद लखोट्यात जिल्हा निबंधकाकडे ते ठेवूनही देता येते. पुढे वाद झाल्यास हयात साक्षीदारांपैकी किमान एकाला न्यायालयात येऊन सांगावे लागते, यास्तव साक्षीदार करणाऱ्याहून वयाने लहान असावेत, आणि ज्या संस्थेला दान द्यायचे तिचे पदाधिकारी साक्षीदार नसावेत, म्हणजे दबावाचा संशय उत्पन्न होत नाही. येथेच एक अवांतर सूचना करून ठेवावी लागते: नेत्रदान अथवा देहदान यांची इच्छा केवळ मृत्युपत्रात लिहू नये, कारण डोळे मृत्यूनंतर काही तासांच्या आत काढावे लागतात आणि मृत्युपत्र तर तेराव्यानंतर उघडले जाते.

विधीपेक्षा महत्त्वाचा तो अंमलबजावणीदार, ज्याला व्यवहारात एक्झिक्युटर म्हणतात. देणी फेडून, येणी वसूल करून, मृत्युपत्रातील प्रत्येक वाटा ज्याचा त्याला पोचवणे हे त्याचे काम. मृत्युपत्रानेच नवी सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था निर्माण केली असेल, तर राज्याच्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २९ प्रमाणे, प्रोबेट म्हणजे मृत्युपत्राची न्यायालयीन सिद्धता मिळाल्यापासून एक महिना किंवा मृत्यूपासून सहा महिने यांपैकी जी मुदत आधी संपेल तिच्या आत नोंदणीसाठी धर्मादाय कार्यालयाकडे अर्ज करण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. मुंबईसारखी प्रोबेटची सक्ती हिंदूंच्या खानदेशातील मृत्युपत्रांना, मालमत्ता मुंबईत नसेल तर, नव्हती. त्यामुळे येथे व्यवहारात सहा महिन्यांची मुदतच मोजली जाते, आणि दुखवट्याच्या दिवसांत ती भरभर सरते. नवी ट्रस्ट काढण्यापेक्षा चालू, हिशेब तपासून घेणाऱ्या संस्थेला दान देणे बहुधा श्रेयस्कर ठरते, कारण हयात नसलेल्या माणसाच्या नावाची, पाच नातलग विश्वस्त असलेली आणि कोणीच सभा न बोलावणारी ट्रस्ट हा प्रकार दुर्मीळ नाही. चालू संस्थेला स्थावर मिळाल्यास तिने नव्वद दिवसांत फेरफाराचा अर्ज, म्हणजे चेंज रिपोर्ट, देऊन ती आपल्या नोंदवहीत चढवावी लागते. एकदा चढल्यावर धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीशिवाय ती विकता येत नाही, आणि हे बंधन दात्याच्या दृष्टीने ढालच आहे.

हेतू किती घट्ट बांधावा, हा मृत्युपत्रीय दानातील सर्वांत अवघड विषय होय. अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात फ्रेडरिक गॉफ नावाच्या बँकरने १९१४ साली एक सामुदायिक निधी स्थापन केला, त्यामागे त्याचा अनुभव असा होता की मृतांनी घालून दिलेल्या अटी कालबाह्य होतात आणि पैसा असून कामाचा राहत नाही. म्हणून अनेकांच्या मृत्युपत्रीय देणग्या एकत्र ठेवून, शहरातील एका समितीने बदलत्या गरजांप्रमाणे त्यांचे उत्पन्न वाटावे अशी योजना त्याने केली. आपल्या विश्वस्त व्यवस्था कायद्यातही मूळ हेतू पार पाडणे अशक्य झाल्यास त्याच्या जवळच्या हेतूकडे निधी वळवण्याची तरतूद कलम ५५ मध्ये आहे, परंतु तो मार्ग वेळखाऊ आहे. सर रतन टाटा १९१८ साली वारले आणि त्यांच्या मृत्युपत्राच्या आधारे १९१९ मध्ये उभा राहिलेला न्यास आजही नव्या कामांना मदत करतो, याचे श्रेय हेतूच्या व्यापकतेकडे जाते. उलट अमळनेरचे गिरणीमालक प्रताप शेठ यांनी हयातीतच, १९१६ साली, स्थापन केलेले तत्त्वज्ञान मंदिर पाहावे. तत्त्वज्ञानासारख्या एकाच विषयाला गिरणीचा पैसा लावण्याचे धाडस त्यामागे होते, कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखे तत्त्वज्ञ तेथे येऊन राहिले, ‘फिलॉसॉफिकल क्वार्टरली’ हे नियतकालिक देशभर वाचले गेले, आणि शिक्षक होण्यापूर्वी साने गुरुजीही तेथेच अभ्यासासाठी आले होते. अरुंद हेतूमुळे हे वैभव आले, आणि दात्याचे लक्ष व गिरणीची बरकत ओसरल्यावर ते टिकवणे त्याच कारणाने जड गेले. दोन्हींतून निघणारा निष्कर्ष असा की उद्दिष्ट नेमके लिहावे, पण त्याच्याच खाली ‘हे शक्य न राहिल्यास’ असे दुसरे उद्दिष्ट आणि दुसऱ्या संस्थेचे नावही लिहावे. महात्मा फुले यांनी १८८७ साली केलेल्या मृत्युपत्रात ही दूरदृष्टी दिसते. दत्तक पुत्र यशवंत याला वारस नेमतानाच तो नालायक निघाल्यास सत्यशोधक समाजाच्या सभासदांच्या बहुमताने माळी, कुणबी, धनगर आदी लोकांतील लायक मुलाला ती मालमत्ता मिळावी अशी व्यवस्था त्यांनी करून ठेवली होती. पोटच्या किंवा दत्तक मुलापेक्षाही लायकीला मोठे मानणारी आणि निर्णय समाजाच्या बहुमतावर सोपवणारी ही अट दात्यांनी मुळातून अभ्यासण्याजोगी आहे.

रकमेबाबत दोन गोष्टी सांगणे पुरेसे होईल. ठेवीच्या व्याजातून दरवर्षी बक्षीस देण्याची पद्धत शाळांत फार प्रिय आहे, पण दहा हजारांच्या ठेवीवर सहा टक्क्यांनी वर्षाला सहाशेच रुपये येतात आणि महागाईही त्याच वेगाने वाढत राहिली तर सुमारे बारा वर्षांत त्या सहाशांची किंमत निम्मी होते. मग एके काळी मुलाची वर्षाची पुस्तके आणणारे पारितोषिक पेनापुरते उरते. अशा वेळी लहान रक्कम कायम ठेव म्हणून न देता एकदाच खर्चून टाकण्यासाठी देणे अधिक उपयोगाचे, आणि ठेव द्यायचीच असेल तर व्याजाचा काही भाग दरवर्षी मुद्दलात मिळवण्याची अट घालावी. दुसरी गोष्ट अशी की ठरावीक आकडा लिहिण्यापेक्षा देणी, अंत्यविधी आणि वारसांचे वाटे वजा जाता उरलेल्या मालमत्तेचा ठरावीक हिस्सा लिहिणे सुरक्षित; त्यामुळे आजारपणात पैसा खर्च झाला तरी मुलांचा वाटा आधी सुटतो आणि गावाचा वाटा त्या मानाने लहान होतो, भांडण मात्र होत नाही. इंग्लंडमध्ये मृत्युपत्रातील किमान दहा टक्के धर्मादायाला दिल्यास वारसा कर चाळीसऐवजी छत्तीस टक्के लागतो, त्यामुळे तेथे वकीलच ही आठवण करून देतो. भारतात १९५३ चा मृत्युकर १९८५ साली उठल्यामुळे असे आर्थिक आमिष नाही, आणि म्हणून येथे ही आठवण घरातल्या माणसांनाच करावी लागते. मुलांना आधी विश्वासात घेतलेले दान सहसा आव्हानाखाली येत नाही. तेराव्याला वकिलाच्या तोंडून प्रथम कळलेल्या दानाला मात्र, रक्कम कितीही लहान असो, मुले अपमान मानतात.

शेवटी एका वर्गाचा स्वतंत्र उल्लेख आवश्यक आहे. धरणगावची कित्येक घरे पुणे, सुरत, मुंबई येथे आणि पुढे परदेशी पांगली असून गावात कुलूपबंद वाडा आणि उताऱ्यावरील नाव एवढाच दुवा उरला आहे. त्यांच्यापैकी जे भारतीय पारपत्र बाळगतात त्यांची देणगी परकीय मानली जात नाही. पण ज्यांनी दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले, त्यांच्याकडे ओसीआय कार्ड असले तरी, त्यांचे धन स्वीकारण्यासाठी संस्थेला २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत विशेष खाते असावे लागते, जे तालुक्याच्या गावातील वाचनालयाकडे क्वचितच असते. वाड्याची अडचण याहून मोठी. सात वारसांपैकी एकाने आपला अविभक्त हिस्सा मृत्युपत्राने शाळेला दिला, तर शाळेच्या हाती खोली येत नाही, वाटपाचा दिवाणी दावा येतो. उरलेल्या सहांच्या सहीविना तिला ना तेथे वर्ग भरवता येतो ना तो हिस्सा सुखासुखी विकता येतो. अशा घरापुरते मृत्युपत्र हे योग्य साधनच नव्हे. तेथे आधी नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा सर्व भावंडांनी मिळून केलेले बक्षीसपत्र हाच मार्ग राहतो, आणि तो सगळी भावंडे हयात व एकमेकांशी बोलत आहेत तोवरच खुला असतो.